लोसाचा उतारा

"बाई, लोसा गाडीत राहते," हारलीन म्हणाली तेव्हा सिनिवाच्या हातातला मार्कर फळ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि तो तिथेच राहिला. तिला हवा होता तो शब्द 'उत्साही' हा होता. फार तर 'टापटीप'. हे दोन शब्द तिने कालच वहीत अपेक्षित उत्तरं म्हणून लिहून ठेवले होते, आणि त्यांच्यासाठी फळ्याच्या उजव्या अंगाला जागाही मोकळी सोडली होती. मागे खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीवर उपमुख्याध्यापिका हुहाना, दुसरीवर शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयातून धडा पाहायला आलेली पाहुणी, मांडीवर जाड वही घेऊन. फळ्यावर डावीकडे सिनिवाच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'लिहिलेलं आणि मला माहीत असलेलं, दोन्ही मिळून अनुमान.' सत्तावीस वर्षं ती मांगेरे उपनगरातल्या या शाळेत मुलांना हेच शिकवत आली होती. लेखक सगळं सांगत नाही, पोरांनो. तो खुणा ठेवतो. आपण त्या जोडायच्या. इतरांच्या धड्यांतले उतारे तिला नेहमीच मिळमिळीत वाटायचे. छत्री भिजलेली आहे, तर बाहेर काय पडत होता? असले. म्हणून या खेपेस तिने स्वतः उतारा लिहिला होता, रविवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, तीनदा खोडून; आणि तो इतका जमला होता की तिने तो एकटीनेच दोनदा मोठ्याने वाचला होता.

तो उतारा आता पडद्यावर उजळून दिसत होता. 'लोसा रोज सगळ्यांच्या आधी शाळेत येते. फाटकाशी उभी राहून ती ओंजळीत फुंकर घालते. तिच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात टूथब्रश असतो. कधीकधी तिच्या गालावर एक लांब तिरपा वळ असतो. पहिल्या तासापर्यंत तो निघून जातो. वर्गात आल्यावर ती आधी हीटरपाशी जाते, मग बाईंना फळे पुसू लागते. काचेवर बोटाने चित्रं काढायला तिला फार आवडतं. ती म्हणते, माझ्याकडे रोज सकाळी नवी काच असते.' आणि खाली प्रश्न: लोसा कशी मुलगी आहे? कशावरून?

"कशावरून?" सिनिवाने विचारलं. सवयीनेच विचारलं ते. तोंड पुढे गेलं होतं आणि ती मागे राहिली होती.

हारलीनने बोटांवर मोजायला सुरुवात केली. तिचे काका टॅक्सी चालवतात, आणि कुठलीही गोष्ट ती हिशेबनिसासारखी मांडते. "घर असतं तर ब्रश घरीच राहिला असता. तो वळ सीटच्या पट्ट्याचा आहे. काकांच्या टॅक्सीत मागे झोपले की मलाही येतो. थंडी वाजते म्हणून ती लवकर येते, शाळा आवडते म्हणून नाही. म्हणजे आवडतही असेल. आणि काच. गाडीत रात्रभर माणसं झोपली की काच आतून धुरकट होते. म्हणून रोज नवी."

वर्गात कुणी हललं नाही. नेहमी प्रत्येक उत्तरावर काहीतरी पाचकळ बोलणारा इसाइया बाकावरचा खोडरबर उभा-आडवा करत बसला होता. आणि त्या शांततेत सिनिवाला एकेक वाक्य पडद्यावरून निघून तिसऱ्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीपाशी जाऊन बसताना दिसलं. ब्रश. वळ. फुंकर. काच. ही सगळी मेलेआनेची होती. तिने नाव तेवढं बदललं होतं, टोंगा बेटांवरचं काढून सामोआचं घातलं होतं, आणि तेवढ्याने काम झालं असं मानलं होतं. दहा आठवडे ती रोज सव्वासातला या मुलीला पाहत होती. गालावरचा वळ पाहून तिच्या मनात आलं होतं, काय सुंदर तपशील आहे! तपशील. हाच शब्द आला होता.

आणि मग तिने जे केलं ते पुढे कितीही दिवसांनी आठवलं तरी तिच्या मानेमागे आग व्हायची. तिने मार्करचं टोपण लावलं, चेहऱ्यावर धड्याचं हसू आणलं आणि म्हणाली, "हारलीन, कल्पना छान आहे हं. पण मजकुरात गाडी हा शब्द कुठे आहे? दाखव बरं. नाही ना? अनुमानाला पुरावा लागतो. पुराव्याशिवाय जे असतं ते नुसतं डोकं लढवणं. लोसाला शाळा आवडते म्हणून ती लवकर येते, बस. उत्साही. लिहू या?"

हारलीनचे कान लाल झाले. तिने पडद्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि लिहिलेली ओळ खोडायला पेन उचललं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मेलेआनेने हात वर केला नव्हता. "बाई," ती म्हणाली, "गाडी नाहीये. व्हॅन आहे. पण बाकी हारलीनचं बरोबर आहे."

पाहुणीच्या वहीवर पेन चालल्याचा आवाज सिनिवाला त्या टोकापासून ऐकू आला. घंटा व्हायला अकरा मिनिटं होती. त्या अकरा मिनिटांत तिने काय शिकवलं ते तिला कधीच आठवलं नाही; मोकळ्या जागेत मात्र 'उत्साही' असं लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात.

मधल्या सुट्टीत तिला शिक्षकांच्या खोलीत जाववेना. ती साहित्याच्या कोठीत गेली, आणि रंगीत कागदांच्या गठ्ठ्यावर बसली. रोज सकाळचं तिला दिसत होतं. ती स्वतः लवकर यायची ते घर खायला उठतं म्हणून. नवरा जाऊन चार वर्षं झाली, आणि आता मुलगाही नुकताच ब्रिस्बेनला गेलेला. पहाटे पाचला उठून करायचं काय? वर्गात येऊन ती हीटर लावायची, कॉफी करायची, नारळाच्या दुधात भाजलेला गोड पाव डब्यातून काढायची, आणि मग दार ढकलून मेलेआने आत यायची. "येऊ का बाई? फळे पुसू?" तिला वाटलं होतं, पोरीला माझी ओढ आहे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनात ती त्यावर जगत होती. इतक्या वर्षांत एखादंच मूल असं मिळतं, ज्याला आपण हव्या असतो. एकदा, एकदाच, तिने पावाचा अर्धा तुकडा मोडून पुढे केला होता. "खाल्लंय बाई," मेलेआने म्हणाली. आणि सिनिवाने तो तुकडा परत स्वतःच्या तोंडात घातला होता. तिला, सामोआच्या बाईला, हे कळू नये? आपल्या बेटांवर पहिल्यांदा कोण हो म्हणतं? पहिलं 'नाही' हे नुसतं दारातलं पायपुसणं असतं. तिची आई समोरच्याला तीनदा, चारदा म्हणायची, हातात कोंबायची, नाही घेतलंस तर मला वाईट वाटेल म्हणायची. ती पोर फळा पुसता पुसता, पाठमोरी, पाव चावल्याचा आवाज ऐकत असेल. सिनिवाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोठीत रडायलाही आलं नाही. नुसता गोड पावाचा वास नाकात येत राहिला.

हुहानाने तिला तिथे शोधून काढलं. "अगं, इथे काय करतेस? पाहुणी गेली. खूश होती." मग दार लोटून, सिनिवाच्या खांद्यावर हात ठेवत ती हळू आवाजात म्हणाली, "सिनिवा, एक विचारू? तू तो उतारा का लिहिलास?"

"म्हणजे?"

"मेलेआनेचं तुला माहीत होतं ना? थंडी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिची आई मला भेटून गेली. सेला. घरमालकाने घर विकलं, दुसरं मिळेना. कागदावर काही नको म्हणाली बिचारी, तीन पोरं आहेत, सरकारी माणसं येऊन त्यांना घेऊन जातील म्हणून घाबरते. म्हणून तर मी फाटक साडेसहाला उघडायला सांगितलं. तू लवकर यायला लागलीस, हीटर लावून ठेवायला लागलीस, मला वाटलं तुला तिनेच सांगितलं असेल. मी मनात म्हटलं, बरी आहे आपली सिनिवा, न बोलता करते." हुहाना थांबली. तिच्या चांगल्या, रुंद चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता. "म्हणून विचारते, मग असं सगळ्यांसमोर का?"

दोन्हीकडून सिनिवाच सापडत होती. माहीत होतं म्हणावं, तर पोरीचं दुःख पडद्यावर टांगणारी ती दुष्ट बाई ठरत होती. माहीत नव्हतं म्हणावं, तर आठ वर्षांच्या हारलीनला सात ओळींत कळलं ते दहा आठवडे डोळ्यांसमोर असून न कळलेली, वर सत्तावीस वर्षं तेच शिकवणारी. तिने खाली पाहिलं. "अंदाज होता थोडा," ती म्हणाली. आणि हे खोटं तोंडातून बाहेर पडताच तिला उमगलं, की या दोनांतलं दुष्टपण तिने निवडलं होतं. मूर्ख दिसण्यापेक्षा तिला ते परवडलं होतं.

हुहानाने तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला, रागाने नव्हे, जरा वेळाने काढतातच तसा.

दुसऱ्या दिवशी सिनिवा साडेसहालाच आली. हीटर लावला. दोन डबे आणले होते. सात वाजले, सव्वासात झाले, साडेसात. ऑगस्टची, इकडच्या ऐन हिवाळ्यातली थंडी मैदानावर पांढरी पडली होती आणि फाटकातून फक्त समुद्रपक्षी आत येत होते. नऊला वर्ग भरला, तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. हजेरी घेताना मेलेआनेचं नाव आलं की वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि हारलीन खिडकीबाहेर बघायची. त्या शांततेत सिनिवाला लहानपणीचं पॉन्सन्बी वस्तीतलं घर आठवू लागलं. ती ते सहसा आठवू देत नसे. तेव्हा ती आठ वर्षांची होती, वर्गात सगळ्यांत चांगलं वाचणारी. आईचा धाकटा भाऊ, फालानिको मामा, बाहेरच्या खोलीत झोपायचा. कारखान्यातून येताना तो तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांवरची नावं कापून आणायचा, वाच बघू म्हणायचा. त्या वर्षी ज्यांच्या देशात राहायच्या परवान्याची मुदत संपली होती त्यांना धरायला पोलीस भल्या पहाटे बेटांवरून आलेल्या लोकांच्या घरांत शिरायचे. त्यांच्याही घरी आले. मामा मागच्या दाराने न्हाणीकडे गेला. आई दारात, बाबा दारात, आणि एक उंच पोलीस गुडघ्यावर बसून तिच्या उंचीला आला. त्याने दाराजवळच्या बुटांच्या ओळीकडे बोट केलं. त्याचा आवाज तिच्या बाईंसारखा होता, अगदी वर्गातल्यासारखा. "हे कुणाचे, बाळ?" बाबांचे. "हे?" आईचे. "आणि हे मोठे?" तिला उत्तर येत होतं. उत्तर येत असलं की ते द्यायचं असतं. "मामाचे," ती म्हणाली. "हुशार आहेस," पोलीस म्हणाला, आणि उठला.

मामाला आठवड्यात परत पाठवलं. तो पुन्हा आला नाही. आईने तिला मारलं नाही, रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर सिनिवाला कुठेतरी ते ठेवून देता आलं असतं. त्या रात्री तिची वेणी सोडता सोडता आई एवढंच म्हणाली, "डोळ्यांना दिसतं ते दिसू दे, लेकी. सगळं जोडत बसायचं नसतं." इतकंच. आणि सिनिवाने ते इतकं मनावर घेतलं, की पुढे नवऱ्याचं वजन उतरत गेलेलं तिने पाहिलं, त्याचं पट्ट्याला नवी भोकं पाडणं पाहिलं, आणि डॉक्टरने सांगेपर्यंत तिला काहीच कळलं नव्हतं. पुस्तकातलं मात्र सगळं कळायचं. पुस्तकात कुणाला न्यायला कुणी येत नसतं. तिथे ती पोरांना शिकवायची, खुणा जोडा, जोडा, आणखी जोडा. स्वतः घरी, रस्त्यावर, फाटकाशी उभी असली की सगळं सुटं सुटं ठेवायची. पण या आठवणीचाही ती आधार घेऊ पाहतेय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढीशी होते, भ्यायले होते, म्हणून आता पन्नाशीत दुसऱ्याच्या पोरीला उघडं केलं, असं कुठे असतं का?

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती हुहानाकडे गेली. "कुठे असतात ती?" हुहानाने क्षणभर तिला न्याहाळलं. "पुलाजवळ, बोटी उतरवतात तिथलं मैदान. पण आता जागा बदललीही असेल. मंगळवारपासून." मंगळवारपासून हे तिने हळूच म्हटलं, तरी लागायचं तिथे लागलं.

व्हॅन तिथेच होती. फिकी निळी, मागचं दार उघडं, दोरीवर तीन छोटे मोजे. ओहोटी होती आणि चिखलाचा वास वाऱ्यावर येत होता. नळाशी एक रुंद खांद्यांची बाई डबे घासत होती. विमानतळावर साफसफाई करणाऱ्यांचं जाकीट अंगात होतं. सिनिवाच्या हातातलं पावांचं ताट कापडाखाली अजून गरम होतं. सबंध वाटेने तिने वाक्यं जुळवली होती. तिच्या लोकांत मोठा अपराध झाला की माणूस डोक्यावर चटई पांघरून दुसऱ्याच्या अंगणात बसतो, आतून कुणी येऊन चटई उचलीपर्यंत, दिवस दिवस. इथे अंगण कुठलं? ती ताट धरून गवतात उभी राहिली.

"तुम्ही मेलेआनेच्या बाई," सेला म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. हात पुसून तिने ताट घेतलं, कापड उचलून पाहिलं, आणि व्हॅनकडे वळून हाक मारली. दोन लहान मुलं धावत आली आणि ताट घेऊन गेली. तिने नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. सिनिवाला आग्रह करायला जागाच उरली नाही.

"मी माफी मागायला आले," सिनिवा म्हणाली.

"बसा." बसायला एक उलटी बादली होती. सेला उभीच राहिली. "परवा आमची ही उड्या मारत आली. आई, बाईंनी माझ्यावर गोष्ट लिहिली! नाव बदललंय म्हणे, पण मीच आहे त्यात. मोठ्या पडद्यावर होती. काय आनंद तिला! मी म्हटलं, वा. मग विचारलं, ऐकायला कोण कोण होतं?" तिने सिनिवाकडे सरळ पाहिलं. "तर म्हणते, एक पाहुणी होती, वहीत लिहीत होती. तेव्हापासून मी झोपलेली नाही, बाई. दोन रात्री नवऱ्याला कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला पाठवते आणि मी जागी असते. कुणी काचेवर टकटक केलं की झालं. कशाला पाठवू शाळेत? नेऊन देऊ त्यांच्या हातात?"

"मला माहीत नव्हतं," सिनिवा म्हणाली. हे वाक्य तिने हुहानापुढे गिळलं होतं. आता ते आलं, आणि अगदी बारीक आलं. "मी रोज बघत होते तिला. पण मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, तिला मी आवडते म्हणून ती लवकर येते."

सेला हसली. त्यात उपहास होता, पण थकलेला. "अहो, आवडता की तुम्ही. त्यात काय. थंडीही वाजते आणि तुम्हीही आवडता. दोन्ही असू शकतं ना? एवढ्या शिकलेल्या तुम्ही." आणि मग चेहरा पुन्हा तसाच झाला. "मला माफी नको. त्या वहीत काय लिहिलंय तेवढं मला सांगा. ते सांगितलंत की पोर पाठवते."

निघताना सिनिवा व्हॅनच्या उघड्या दारापाशी थांबली. मेलेआने आत पाय दुमडून बसली होती, भावंडांना पाव वाटून देत. आतली जागा झाडून पुसून लख्ख होती. पांघरुणांच्या घड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या. टापटीप, सिनिवाच्या मनात आलं, आणि तिने ओठ चावला.

"बाई," मेलेआने म्हणाली, "हारलीन चिडलीय का?"

"नाही गं. का?"

"तुम्ही तिला चूक म्हणालात. तिचं कधी चुकत नाही."

शुक्रवारी पाहुणीचा अहवाल आला. हुहानाने तो छापून तिच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन पानं होती. धड्याची आखणी उत्तम. उतारा शिक्षिकेने स्वतः लिहिलेला, प्रशंसनीय. आणि मग दुसऱ्या पानावर: 'एका विद्यार्थिनीने मजकुराबाहेर जाऊन कल्पना लढवली असता शिक्षिकेने तिला शांतपणे पुराव्याकडे वळवले. इतर शाळांनी आदर्श म्हणून घ्यावा असा प्रसंग.' व्हॅनबद्दल एक अक्षर नव्हतं. सिनिवाने पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेत आपण या आदर्श प्रसंगातल्या शिक्षिका आहोत हेही टोचलं. "हुहाना," ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. मला खरंच काही कळलं नव्हतं." हुहाना खिडकीतून बाहेरच पाहत राहिली. "हं," ती म्हणाली. "कोठीतच आलं होतं माझ्या लक्षात. कधी सांगतेस ते बघत होते."

सेलाला तिने फोनवर सांगितलं. "काहीच नाही लिहिलेलं? पण तिने ऐकलं होतं ना?" हो, ऐकलं होतं. पलीकडे गाड्यांचा आवाज होता. "मग कळलंच नाही तिला, का कळूनच लिहिलं नाही?" सिनिवा पानाकडे पाहत राहिली. त्या छापील ओळींत दोन्हींची खूण सारखीच होती. "मला नाही सांगता येत, सेला," ती म्हणाली. सेलाने निःश्वास सोडला. "असू दे. कळूनच लिहिलं नसेल असं धरू या. सोमवारी पाठवते."

पुढे तीन आठवड्यांनी त्यांना ओटाहुहूला सेलाच्या चर्चमधल्या कुणाच्या घरामागची खोली मिळाली, त्यात सिनिवाचा काही हात नव्हता. ती सगळ्यांना फोन करत सुटली होती, पण खोली मिळाली ती दुसऱ्याच वाटेने. सोमवारी मात्र व्हॅन अजून पुलाशीच होती, आणि मेलेआने नऊ वाजता, घंटेबरोबर, सगळ्या मुलांच्या घोळक्यातून आत आली. नाक थंडीने लाल झालेलं. सव्वासातला आली नाही. सिनिवाने हीटर लावला होता, दोन कपही मांडले होते. ते तिने मुलांनी पाहायच्या आत कपाटात लोटले.

हजेरी झाल्यावर ती फळ्यासमोर उभी राहिली. या वेळी मागे कुणी बसलेलं नव्हतं. आधी तिने मेलेआनेला बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं होतं, बोलू का म्हणून, आणि मेलेआनेने खांदे उडवून "बोला की" म्हटलं होतं. सत्तावीस वर्षांत मुलांसमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"गेल्या मंगळवारी हारलीनने एक अनुमान सांगितलं," ती म्हणाली. "मी ते चूक म्हटलं. ते चूक नव्हतं. तिने प्रत्येक खूण पाहिली होती आणि बरोबर जोडली होती. माझं चुकलं होतं. उतारा मीच लिहिला आणि तो मलाच वाचता आला नाही. आणि वर मी तिला पुरावा नाही म्हणाले, कारण... कारण मला लाज वाटली. हारलीन, मला माफ कर. मेलेआने, तूही. तुला न विचारता मी तुझं लिहिलं."

मेलेआनेने मान डोलावली, पेन्सिलीला टोक करता करता. हारलीन गोंधळलेली दिसली. ती उठून उभी राहिली, उत्तर द्यायला उठतात तशी.

"पण बाई, मी काही ओळखलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आधीच माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. थंडी सुरू झाली तेव्हापासून." तिने मदतीसाठी वर्गाकडे पाहिलं, कुणी वर पाहिलं नाही. "आम्ही डब्यातलं ठेवतो ना तिला, पाळी लावलीय. सोमवार माझा. इसाइयाने सांगितलं होतं, मोठ्यांना कुणाला सांगायचं नाही, नाहीतर तिला नेतील. म्हणून आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग तुम्हीच लिहिलंत. मोठ्या पडद्यावर." तिचा आवाज जरा कापला. "मला वाटलं, बाईंनाच माहीत आहे, म्हणजे आता बोललं तरी चालेल."

सिनिवाने मार्कर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला; फळा तिला धूसर दिसत होता. सव्वीस मुलं तिच्याकडे पाहत होती, तिच्या हाताकडे, तिच्या डोळ्यांकडे, आणि तिला कळत होतं की त्यांना सगळं दिसतं आहे, आणि एकही जण ते बोलून दाखवणार नाही. हारलीन हळूच खाली बसली. वाचनाचा तास संपायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून इसाइयाने खुर्ची करकरवली आणि कंटाळलेल्या, अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, गणिताच्या वह्या काढायच्या ना?" आणि ती उत्तर द्यायच्या आधीच सगळी मुलं खाली वाकून दप्तरात शोधू लागली, बराच वेळ शोधत राहिली, तिला डोळे पुसायला पुरेल इतका वेळ.